मुलाला स्नूकरमध्ये प्रोफेशनल व्हायचंय : कमाई, खर्च आणि कार्डाची दोन वर्षं

पुण्यातल्या एका आईवडिलांचा प्रश्न आहे. मुलगा सतरा वर्षांचा. तीन वर्षांपासून क्लबात स्नूकर खेळतो, नुकतीच त्याची पहिली सेंच्युरी (एका खेपेत सलग शंभर गुण) झाली. बारावीनंतर कॉलेज नको, प्रोफेशनल व्हायचंय म्हणतो. यात पोट भरतं का, हे आयुष्य नेमकं असतं कसं, आणि त्याला हवी असलेली महागडी इंग्लिश स्टिक आत्ता घेऊन द्यावी का?

मी मुंबईत बरीच वर्षं राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळलो, आता शिकवतो. प्रोफेशनल टूरवर जाऊन आलेल्यांशी उठबस आहे, आणि दरवर्षी तुमच्यासारखे दोनतीन पालक तरी भेटतात. त्यामुळे आडपडदा न ठेवता लिहितो.

आपल्याकडे स्नूकरवर ज्यांचं घर चालतं, त्यांतले बहुतेक जण प्रोफेशनल टूरवर नाहीत. ते तेल कंपन्यांत किंवा इतर सरकारी आस्थापनांत नोकरीला आहेत, राष्ट्रीय आणि आशियाई स्पर्धा खेळतात, किंवा शिकवतात. आणि जे खरोखर टूरवर गेले, त्यांतले बरेचसे काही वर्षांत परत आले. त्यांच्या हातात खोट नव्हती. एखाददुसरा पराभव त्यांनी सोसला, पण परदेशात राहून, पदरमोड करून, महिनोन्‌महिने हरत राहून पुन्हा सकाळी सरावाला उभं राहायचं हे गणित सुटलं नाही. म्हणून मुलाची सेंच्युरी बाजूला ठेवा आणि आधी हे गणित समजून घ्या.

प्रोफेशनल टूर म्हणजे वर्ल्ड स्नूकर टूर. त्यात साधारण १२८ खेळाडू असतात. आत शिरायला कार्ड लागतं आणि ते दोन हंगामांचं असतं. कार्ड मिळवायचे रस्ते मोजके: आशियाई किंवा जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकायचं, नाहीतर क्यू स्कूल नावाच्या पात्रता स्पर्धेतून वर यायचं. क्यू स्कूल २०११ पासून इंग्लंडमध्ये होते. २०२२ पासून आशिया-ओशनियासाठी वेगळी क्यू स्कूल बँकॉकला सुरू झाली, आणि आपल्या मुलांची मोठी सोय झाली. आधी नुसत्या पात्रतेसाठी इंग्लंडचा व्हिसा, तिकीट आणि महिनाभराचा मुक्काम करावा लागायचा. पण सोय झाली म्हणून चाळणी मोठ्या भोकांची झाली असं समजू नका. बँकॉकला थायलंड, चीन, हाँगकाँग, इराण, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया इथली पोरं येतात, सात फ्रेमचे (फ्रेम म्हणजे एक डाव) सामने एकामागून एक खेळतात, आणि हातावर मोजण्याइतकी कार्डं घेऊन चारपाच जण घरी जातात.

कार्ड मिळालं की खरी परीक्षा सुरू होते. टूरवरचं रँकिंग गुणांवर नसून बक्षिसाच्या रकमेवर असतं. मागच्या दोन हंगामांत तुम्ही किती पौंड कमावले, तेवढं तुमचं रँकिंग. नवा खेळाडू शून्यावरून सुरुवात करतो, आणि समोरच्याच्या खात्यात दोन वर्षांची कमाई आधीच जमा असते. दोन हंगामांच्या शेवटी पहिल्या ६४ मध्ये असलात तर कार्ड राहतं. त्याबाहेरच्या काहींना एका वर्षाच्या कमाईच्या यादीवरून वाचता येतं, बाकीच्यांना पुन्हा क्यू स्कूल. २०१३-१४ पासून बहुतेक स्पर्धांत सगळ्या १२८ जणांना पहिल्याच फेरीत आणायची पद्धत आली. म्हणजे नवख्याला पहिल्या दिवशी वरच्या ६४ पैकी कोणीतरी भेटणार. अलीकडे काही स्पर्धांत खालच्या खेळाडूंना आधी आपसात खेळवतात, त्यानं थोडं बरं झालंय. तरी पहिल्या फेरीत हरलं तर बहुतेक ठिकाणी हाती काहीच लागत नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण सगळं स्वतःचं.

टीव्हीवर दिसतात ते आकडे खरे आहेत. २०१९ पासून जागतिक विजेत्याला पाच लाख पौंड मिळतात. शेफील्डच्या क्रुसिबल थिएटरात १९७७ पासून ही स्पर्धा होते, सतरा दिवस चालते, अंतिम सामना पस्तीस फ्रेमचा. तिथं पहिल्या फेरीत हरलेल्यालाही वीस हजार पौंड मिळतात. पण मुख्य फेरीतल्या बत्तीस जणांत पोचायला पहिल्या सोळांत असावं लागतं, नाहीतर एकोणीस फ्रेमचे पात्रता सामने जिंकत जावं लागतं. २०२५ पर्यंत तरी एकही भारतीय क्रुसिबलच्या मुख्य फेरीत खेळलेला नव्हता. ही गोष्ट मुलाला जरूर सांगा. त्याला घाबरवायला नव्हे, उंची कळावी म्हणून.

तळाच्या खेळाडूंचे हाल बघून टूरनं २०२२-२३ च्या हंगामात एक हमी सुरू केली: कार्डधारकाची हंगामातली बक्षिसं वीस हजार पौंडांपेक्षा कमी झाली तर तेवढी भर घालायची. रुपयांत वीस लाखांच्या वर. आपल्या कानाला हा आकडा भारी वाटतो. आता तो खर्चून बघा. बहुतेक पात्रता सामने इंग्लंडमध्ये, त्यामुळे राहायचं तिथंच. शेफील्डला खेळाडूंच्या अकादम्या आहेत, चिनी मुलांची तर तिथं वस्तीच झाली आहे. खोलीचं भाडं, अकादमीच्या टेबलाची फी, जेवण आणि थंडीचे कपडे यांतच निम्म्याहून जास्त रक्कम जाते. चीनमधल्या स्पर्धांची पात्रता अनेकदा काही आठवडे आधी इंग्लंडमध्येच उरकतात. जिंकलात तर पुन्हा चीनचं तिकीट, पुन्हा व्हिसा. आपल्या पासपोर्टवर प्रत्येक देशाचा व्हिसा म्हणजे आणखी एक सामना. इंग्लंडसाठी खेळाडूंचा वेगळा व्हिसा असतो, त्याला खेळाच्या संघटनेची शिफारस लागते. बक्षिसावर तिथं कर कापला जातो तो वेगळाच. हमी हा पगार नव्हे. उपाशी राहणार नाही एवढीच तिची कामगिरी.

आता आपल्या माणसांकडे बघू, कारण या चर्चेत प्रत्येक जण आपापल्या सोयीचं उदाहरण देतो.

मुंबईचा यासिन मर्चंट १९८९ मध्ये आशियाई विजेता झाला आणि नव्वदच्या दशकात टूरवर खेळला. तेव्हा हमी नव्हती, आपल्याकडे टूरची एकही रँकिंग स्पर्धा नव्हती आणि घरी फोन लावायचा म्हणजेही खर्च. पुढे तो परत आला आणि २००१ मध्ये पुन्हा आशियाई विजेता झाला. बारा वर्षांच्या अंतरानं! त्याचा दर्जा काय होता हे एवढ्यावरून कळावं.

आदित्य मेहताही मुंबईचा. २०१३ साली दिल्लीत इंडियन ओपन ही भारतातली पहिली रँकिंग स्पर्धा झाली आणि हा पोरगा अंतिम फेरीत गेला. रँकिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचणारा पहिला भारतीय. तिथं चीनच्या डिंग जुनहुईनं त्याला ५-० असं धुतलं, पण त्या आठवड्यात आमच्या क्लबांत दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षी कोलंबियातल्या काली शहरात झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये त्यानं सुवर्णपदक मिळवलं. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या फ्युर्थला पॉल हंटर क्लासिकमध्ये त्यानं १४७ चा ब्रेक मारला, म्हणजे एका खेपेत सलग १४७ गुण. सगळे पंधरा लाल, प्रत्येकासोबत काळा, मग सगळे रंग. टूरवर असा ब्रेक मारणारा तोही पहिलाच भारतीय. आणि मग मान आणि खांदा. स्नूकरपटूची हनुवटी स्टिकला टेकलेली असते आणि नजर समोर, म्हणजे मान तासन्‌तास मागे मुडपलेली. ज्या हातानं १४७ मारला तो हात शाबूत, पण मानेच्या दुखण्यानं कारकीर्द अडली. तुमच्या मुलाला मी पहिलं काही विचारीन तर तो व्यायाम करतो का, हे. बहुतेक पोरं करत नाहीत. स्नूकरला कसला आलाय व्यायाम, असं त्यांना वाटतं.

पंकज अडवाणीचा जन्म पुण्याचा, वाढला बंगळुरात. २०१२ मध्ये तो टूरवर गेला, २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला, आणि २०१४ मध्ये त्यानं कार्ड स्वतःहून सोडलं. लोक म्हणाले, पळाला. मला तसं कधीच वाटलं नाही. त्याच्याकडे बिलियर्ड्स होतं, ओएनजीसीची नोकरी होती, घर होतं, आणि टूरवर राहून या सगळ्यावर पाणी सोडावं लागत होतं. परत आल्यावर त्यानं जागतिक विजेतेपदांची रांग लावली: २०१५ मध्ये आणि २०१७ मध्ये पुन्हा जागतिक हौशी स्नूकर, शिवाय सिक्स-रेड (सहाच लाल चेंडूंचं छोटं स्नूकर), शिवाय बिलियर्ड्स. हातचं सोडून पळत्याच्या पाठी न लागण्याचा शहाणपणा प्रत्येकाला जमत नाही. उलटं बोलणारेही आहेत: पाच वर्षं तिथं तग धरली असती तर तो पहिल्या सोळांत गेला असता. गेला असता कदाचित. पण ती पाच वर्षं त्याला काढायची होती, बोलणाऱ्यांना नव्हे.

सध्या या वाटेवर आहे तो मुंबईचा इशप्रीत सिंग चढ्ढा. २०२४ च्या इंग्लिश ओपनमध्ये तो उपांत्य फेरीत गेला. मुलाला कोणाचं बघायचं असेल तर त्याचे सामने बघू दे, आणि पॉटपेक्षा (चेंडू पॉकेटात टाकण्यापेक्षा) त्याची सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा फटका न ठेवणारा खेळ, बघू दे.

चीनशी तुलना होतेच, म्हणून एक परिच्छेद त्यावर. डिंगनं २००५ मध्ये अठराव्या वर्षी बीजिंगला चायना ओपन जिंकली, अंतिम फेरीत स्टीफन हेंड्रीला हरवून. त्यानंतर चीननं स्पर्धा आणल्या, अकादमी काढली, पोरं शेफील्डला पाठवली, आणि वीस वर्षांनी, २०२५ मध्ये, झाओ शिंतोंग जागतिक विजेता झाला. आपली इंडियन ओपन दिल्ली, मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम अशी फिरली आणि २०१९ ला कोचीत थांबली. ज्या देशात, जबलपूरच्या छावणीत, १८७५ मध्ये हा खेळ जन्मला असं सगळी पुस्तकं सांगतात, त्या देशात टूरची एक स्पर्धा टिकत नाही. ऑलिंपिकमध्ये नसलेला खेळ, त्यामुळे सरकारी मदतीच्या रांगेत आपण कायम मागे. आशियाई स्पर्धांतूनही २०१० नंतर तो गेला, आणि त्याबरोबर नोकरीच्या जाहिरातींतली जागाही आक्रसली. हा राग आहे माझा, तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध एवढाच की मुलामागे यंत्रणा उभी नाही. मागे उभे तुम्हीच.

आता टेबल. क्लबातली सेंच्युरी आणि टूरवरची सेंच्युरी यांत काय फरक, ते इथं कळतं.

तुमच्या क्लबातल्या मार्करला (टेबलं सांभाळणाऱ्याला) विचारा, तो सकाळी ब्रश नेहमी बॉककडून (फ्रेमचा पहिला फटका मारतात त्या टोकाकडून) काळ्या चेंडूकडे मारतो आणि मग त्याच दिशेनं इस्त्री फिरवतो. कारण कापडाला लव असते आणि ती त्या दिशेला बसलेली असते. आपल्याकडे पावसाळ्यात ते कापड ओल धरतं, चेंडू जड पळतो, कुशन (टेबलाच्या कडेचं रबर) मऊ पडते. मुलं मग ताकद लावायला शिकतात. स्क्रू (पांढरा मागे खेचणारा फटका) मारायचा तर जोरात, पांढरा चेंडू टेबलभर फिरवायचा तर आणखी जोरात. टूरवर प्रत्येक स्पर्धेला नवं, पातळ, झपाट्याचं कापड, आणि दगडाखाली हीटर, म्हणजे टेबल सतत कोरडं आणि एकसारखं गरम. आपला पोरगा तिथं पहिल्या दिवशी नेहमीच्या जोरानं स्क्रू मारतो आणि पांढरा दीड-दोन फूट जास्त मागे येतो. कुशनला लागून तो अपेक्षेपेक्षा रुंद कोनात सुटतो. आणि पॉकेट! क्लबात कुशनला चिकटून जाणारा लाल चेंडू जोरात मारला तरी जबड्याला घासून आत पडतो. तिथं तोच फटका जबड्यात दोनदा थडथडतो आणि बाहेर येतो. मग तुम्ही खुर्चीत.

खुर्ची हा या खेळातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. क्रिकेटमध्ये चूक झाली तर पुढच्या चेंडूला हातात बॅट असते. इथं चूक झाली की समोरचा सत्तरचा ब्रेक मारेपर्यंत तुम्ही पाण्याचा ग्लास धरून बसायचं. पुढची फ्रेम सुरू होते, तुम्ही ब्रेक-ऑफ (पहिला फटका) बरा मारता, पांढरा हिरव्याच्या मागे बॉक कुशनला चिकटतो. समोरचा तिथून लांबचा लाल टाकतो, पुन्हा साठ. आता तुम्हाला उठून धड फटका न मारता अर्धा तास झालेला असतो. मग समोरून एक चूक होते, एक लाल उघडा राहतो, फार अवघड नाही, मधल्या पॉकेटात. क्लबात तो मुलगा दहापैकी नऊ वेळा टाकतो. इथं हात गार पडलेला, कपाळाला घाम, आणि मनात एकच: हा चुकला तर मॅच गेली. हा एक लाल टाकता येणं आणि त्यावर पन्नास-साठचा ब्रेक बांधता येणं, याला मी प्रोफेशनल खेळ म्हणतो. लाल एकदा पडला आणि चेंडू पसरलेले असले तर सेंच्युरी अनेकांना जमते.

म्हणून माझ्याकडे कोणी पालक मुलाला घेऊन आले की मी त्याला सेंच्युरी मारून दाखव असं सांगत नाही. निळा त्याच्या जागेवर ठेवतो, पांढरा बॉकच्या रेषेजवळ त्याच्याशी सरळ, आणि कोपऱ्याच्या पॉकेटात एकामागून एक टाकायला लावतो. मी चेंडूकडे बघत नाही, स्टिक मागे गेल्यावर क्षणभर थांबते का आणि फटका झाल्यावर डोकं जागेवर राहतं का हे बघतो. मग लाइन-अप: लाल सगळे निळा-गुलाबी-काळ्याच्या सरळ रेषेत, जितके जातील तितके घे. त्यानंतर त्याला वीस मिनिटं बसवून ठेवतो. गप्पा नाहीत, मोबाइल नाही. मग अचानक उठवून एक लांबचा लाल. बहुतेक मुलं चिडतात. जो चिडत नाही त्याच्याकडे मी जास्त लक्ष देतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सेफ्टी. आपल्या क्लबांत हरणाऱ्यानं टेबलचे पैसे भरायचे असतात, तासावर मीटर चालू, त्यामुळे सेफ्टीची देवाणघेवाण कोणालाच नको असते. लांबलेली फ्रेम म्हणजे वाढलेलं बिल. पोरं धडाधड पॉट मारायला शिकतात आणि पांढरा बॉकमध्ये नेऊन ठेवायला शिकत नाहीत. तुम्हाला खर्च करायचाच असेल तर आठवड्यातून दोनदा एखाद्या जुन्या, कंटाळवाण्या, पन्नाशीच्या खेळाडूबरोबर खेळायचे पैसे भरा. मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत असे बरेच काका आहेत, ब्रेक तिसाच्या वर जात नाही पण तुमच्या मुलाला दुपारभर एक सरळ लाल मिळू देणार नाहीत. त्यांच्याकडून तो जेवढं शिकेल तेवढं यूट्यूबवरून शिकणार नाही.

पैजांबद्दलही बोलायला हवं. पार्लरमध्ये पैशांवर फ्रेम चालतात हे तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल, मुलाला नक्की माहीत आहे. थोडं दडपण सोसायची सवय होते असं काही लोक म्हणतात, मला ते पटत नाही. २०२३ मध्ये दहा चिनी खेळाडूंवर सामने ठरवून खेळल्याच्या आणि त्याला जोडलेल्या प्रकरणात बंदी आली, दोघांवर तर जन्मभराची. २०२५ चा जागतिक विजेता झाओही त्यांत होता. त्यानं स्वतः सामना सोडला नव्हता, तरी वीस महिने बाहेर बसला. परदेशात, एकटी, पैशाची चणचण असलेली विशीतली पोरं हे या धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक असतात. घरून निघताना मुलाच्या खात्यात किती पैसे आहेत यापेक्षा ते संपले तर कोणाला फोन करायचा हे त्याला माहीत असणं महत्त्वाचं.

आता भारतातली वाट, जी मी तुम्हाला आधी धरायला सांगेन. जिल्हा आणि राज्याच्या स्पर्धा, मग राष्ट्रीय ज्युनियर, २१ वर्षांखालील गट, मग सीनियर. राष्ट्रीय स्पर्धेत वर येणाऱ्यांना भारताकडून आशियाई आणि जागतिक हौशी स्पर्धांत जाता येतं, आणि तीच जिंकली तर कार्ड आपोआप समोर येतं. याच वाटेवर नोकरी आहे. तेल कंपन्यांच्या क्रीडा मंडळाचे खेळाडू राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं वरच्या फेऱ्यांत दिसतात, ते उगीच नाही. महिन्याला पगार येतो, सरावाला सूट मिळते, हरलं तरी घर चालतं. अशा जागा आता पूर्वीसारख्या भरत नाहीत, आणि नोकरीसाठी पदवी लागते. कॉलेज सोडू नका असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी. वाणिज्य शाखेत नाव घाला, हजेरीचं बघता येईल असं कॉलेज निवडा, सकाळी लेक्चर आणि दुपारपासून टेबल. दिवसाला पाच तास नीट सराव झाला तर पुरे. दहा तास क्लबात काढणारा मुलगा सहा तास गप्पा मारत असतो.

वयाची घाई करू नका. हेंड्री एकविसाव्या वर्षी जागतिक विजेता झाला हे खरं, पण रॉनी ओसुलिव्हन २०२२ मध्ये छेचाळीसाव्या वर्षी झाला, आणि मार्क विल्यम्स २०२५ मध्ये पन्नाशीत अंतिम फेरी खेळला. वीस-एकविसाव्या वर्षी पदवी हातात घेऊन बँकॉकला गेलात तर काही बिघडत नाही. उलट एक वर्ष आधीच, कार्ड मिळणार नाही हे धरून, नुसतं खेळायला पाठवा. फी आणि तिकीट शिकवणीचा खर्च समजा. परत आल्यावर तो काय सांगतो ते ऐका. टेबल वाईट होतं, ड्रॉ वाईट लागला, असं म्हणाला तर आणखी थांबा. कुठल्या फ्रेममध्ये कुठला फटका चुकीचा निवडला हे सांगू लागला तर पुढचा विचार करा.

आणि कार्ड मिळालंच, तर जाण्याआधी दोन्ही वर्षांचा खर्च कागदावर मांडा. हमीची रक्कम धरा, बक्षीस धरू नका. तूट किती येते ती बघा आणि ती कोण भरणार ते आधी ठरवा: तुम्ही, प्रायोजक की क्लबातले हितचिंतक. हितचिंतक पहिल्या वर्षी उत्साहानं देतात, दुसऱ्या वर्षी फोन उचलत नाहीत. घर गहाण टाकून जाऊ नका. असं खेळणाऱ्या मुलाच्या मनात प्रत्येक चुकलेल्या लालबरोबर घराचा हप्ता येतो, आणि मी सांगतो, तो लाल मग पडत नाही.

खेळ संपल्यावर काय, हेही विचाराल. शिकवणं. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर सगळीकडे क्लब वाढले, पण धड शिकवणारे कमी आहेत. टूरवर दोन वर्षं काढून आलेल्याकडे शिकायला लोक रांग लावतात, अगदी तो तिथं सगळे सामने हरला असला तरी. एखादा स्वतःचा क्लब काढतो. जागेचं भाडं आणि एसीचं बिल भरून त्यात उरतं काय, हा वेगळा विषय.

राहिली स्टिक. आत्ता घेऊ नका. सध्याची अ‍ॅशची असेल, लांबी सत्तावन्न-अठ्ठावन्न इंचांच्या आसपास आणि वजन सतरा-अठरा औंस असेल, आणि ती सरळ असेल, तर तिनं तो राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत सहज जाईल. नवी स्टिक हातात बसायला सहा महिने जातात आणि नेमकी हीच वर्षं सरावाची असतात. टिप (स्टिकच्या टोकाची चामड्याची टिकली) मात्र चांगली लावून घ्या, ती ओळखीच्या माणसाकडूनच बसवा, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी कधीही बदलू नका. पावसाळ्यात स्टिक भिंतीला टेकवून ठेवत असेल तर तेवढं बंद करायला सांगा, ती वाकते. आडवी, पेटीत ठेवायची.